मॅक्स पेनचा पिक्चर एवढा कंटाळवाणा कसा काय बनवला? (गेम खेळलेल्यांनी सांगा)

खाडीकाठचा_नेमबाज (मालवण)

ज्यांनी मॅक्स पेन गेम पण खेळलाय आणि २००८ चा मार्क वॉलबर्गवाला पिक्चर पण बघितलाय त्यांनाच खरं विचारायचंय, पण बाकीच्यांनी घुसलात तरी चालेल. वाईट पिक्चर मी चिक्कार बघितलेत, होड्या वर ओढल्या की पावसात दुसरं करायचं काय, पण वाईट पिक्चर वेगळा आणि गोळीबाराच्या पिक्चरात जांभया येणं वेगळं. हा दुसऱ्यातला निघाला.

गेम आठवा जरा. मॅक्स हा न्यूयॉर्कचा पोलीस, घरी येतो, बायको आणि तान्हं बाळ गेलेलं, नशेत तर्र झालेले लोक घरात, मग तीन वर्षांनंतर डायरेक्ट सबवे स्टेशन, बाहेर बर्फाचं वादळ, पोलीस पण मागे, माफिया पण मागे, आणि तिथून जे सुरू होतं ते शेवटच्या गच्चीपर्यंत श्वास घ्यायला देत नाही. पिक्चरात हा बाबा जुन्या न सुटलेल्या केसेसच्या फायली सांभाळत बसलेला. मग एका पार्टीत जातो. मग कोणाला तरी भेटतो, तो दुसऱ्याचं नाव सांगतो, मग त्याला भेटतो. पहिली धड मारामारी येईपर्यंत माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, वरून मांजराला भात घालून झाला. आणि ती पंखवाली काळी भुतं? गेममध्ये असलं काही होतं का, का मीच विसरलो?

आता प्रश्न असा की हे ह्याच पिक्चरचं दुखणं आहे की गेमवरच्या सगळ्याच पिक्चरांना साडेसाती आहे? गणपतीत मुंबईहून चुलतभाऊ येतोय, तो पण जुना मॅक्सवाला, त्याच्यासोबत रात्री बसून बघायला ह्यातलं बरं काहीतरी सुचवा. फक्त हा पिक्चर नको.

________

रत्नांग्रीची_पोर

भुतांचं आधी सांगते कारण तिथेच सगळी गंमत आहे. गेममध्ये भुतं नव्हती, तुझी आठवण बरोबर आहे. गेममध्ये वाल्किर नावाचं हिरवं ड्रग होतं, आणि लिहिणाऱ्याने उत्तरेकडच्या जुन्या देवदेवतांची नावं सगळीकडे पेरून ठेवली होती, क्लबचं नाव रॅग्ना रॉक, कंपनी एसिर, मिलिटरीचा गुप्त प्रोजेक्ट वल्हाला, म्हातारा वोडन. ती नावं म्हणजे काळा विनोद होता, न्यूयॉर्कच्या गल्लीत जगबुडी चाललीय असा. पिक्चरवाल्यांनी तो विनोद सरळसरळ घेतला आणि वाल्किर म्हटलं म्हणजे वाल्किरी, त्या जुन्या गोष्टींतल्या उडणाऱ्या बाया, दिसलीच पाहिजे म्हणून पंख लावले. पिक्चरात ती फक्त नशा केलेल्यांना दिसतात, म्हणजे मुळात खोटीच आहेत, पण ट्रेलरमध्ये अशी दाखवली होती की लोकांना वाटलं हा राक्षसांशी लढणार बहुतेक. थेटरात गेल्यावर कळलं की राक्षस नाहीत आणि लढाई पण फारशी नाही.

दुसरं म्हणजे खलनायक. गेममध्ये बीबी हा मधला एक फितूर होता, पार्किंगमध्ये त्याचा हिशोब होतो आणि मग आपण पुढे खऱ्या खलनायिकेकडे, निकोल हॉर्नकडे. पिक्चरात त्याच बीबीला मुख्य व्हिलन केला आणि हॉर्नबाईंना बाजूला बसवून ठेवलं. का तर शेवटी धक्का द्यायचा होता. आता ब्यू ब्रिजेससारखा गोड हसणारा अनुभवी नट पहिल्याच भेटीत हीरोच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागला की आमच्या आईने पण ओळखलं, ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली ह्यानेच मारलंय. मग उरलेला तासभर आपल्याला माहिती असलेली गोष्ट हीरोला कळायची वाट बघत बसायचं. कंटाळा तिथून येतो, गोळ्या कमी आहेत म्हणून नाही.

आणि हो, गेम मोठ्यांसाठीचा होता पण पिक्चर अमेरिकेत तेरा वर्षांच्या पोरांना सोडता येईल असा पीजी-१३ करून लावला. नंतर थोडं वाढवलेलं अनरेटेड व्हर्जन पण काढलं. त्याने फार काही फरक पडत नाही, रक्त वाढलं, गोष्ट तीच.

________

सायबरवाले_काका (कणकवली)

बाळा तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर मी पिक्चरांवर बोलत नाही. माझं त्या काळात स्टँडजवळ सायबर कॅफे होतं, तासावर पोरं यायची, व्हाइस सिटी, काउंटर स्ट्राइक आणि मॅक्स पेन. बाकीच्या गेमला गोंधळ असायचा, मागे चार जण उभे, हा उडव तो उडव. मॅक्स पेनवाला पोरगा मात्र एकटा कोपऱ्यातलं मशीन मागायचा आणि हेडफोन मागायचा. आधी मला कळायचं नाही की गोळ्याच मारायच्यात तर हेडफोन कशाला. मग एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी स्वतः बसलो तेव्हा समजलं, तो माणूस तुमच्या कानात सतत बोलत असतो. थकलेला, दारू प्यायल्यासारखा आवाज, स्वतःवरच हसणारा. गोष्ट तर कॉमिकसारख्या चित्रांतून सांगितलीय, हलणारी माणसं पण नाहीत. त्या रेमेडी कंपनीकडे, फिनलंडची, तेव्हा पैसे नव्हते म्हणून आपल्याच ओळखीपाळखीच्या लोकांचे फोटो काढून त्यांनी ती चित्रं केली, मॅक्सचा चेहरा म्हणजे गेम लिहिणारा सॅम लेक स्वतःच, म्हणून तो असा वाकडं तोंड करून बघतो. पण आवाज जेम्स मॅकॅफ्रीचा, आणि सगळा गेम त्या आवाजावर उभा.

आता पिक्चरात बघ. सुरुवातीला नदीत बुडताना वॉलबर्ग चार वाक्यं बोलतो आणि त्यानंतर जे तोंड मिटतो ते जवळजवळ मिटलेलंच. कपाळाला आठी घालून चालतो. कोट आहे, बर्फ आहे, अंधार आहे, म्हणजे वरचं सालपट सगळं आणलं आणि माणूस आणायचा राहिला. सगळ्यात कहर म्हणजे तो मॅकॅफ्री स्वतः पिक्चरात आहे! एफबीआयचा माणूस म्हणून येतो, थोडं बोलतो आणि जातो. अरे ज्याच्या आवाजावर लाखो लोकांनी रात्री जागवल्या तो सेटवर उभा आहे आणि तुम्ही त्याला किरकोळ रोल देऊन घरी पाठवता? २०२३ च्या डिसेंबरात वारला बिचारा, त्या दिवशी मला पिक्चरवाल्यांचा परत एकदा राग आला.

आणखी एक. ती स्वप्नातली लेव्हल आठवते का, सगळा अंधार आणि रक्ताची बारीक रेघ, तिच्यावरून तोल सांभाळत चालायचं, पाय चुकला की खाली, आणि लांबून बाळ रडतंय. पोरं मला शिव्या द्यायची त्या लेव्हलवरून, काका हे काय भंकस आहे, आणि नेमके तेव्हाच आमच्याकडे लाईट जायचे, सेव्ह केलेलं नसायचं. कंटाळवाणी होती, कबूल. पण त्या पोराला स्वतः चालावं लागायचं त्या रेघेवरून. त्याचा हात थरथरायचा ते मी काउंटरवरून बघितलंय. पिक्चरात बायको आठवली की सोनेरी उजेड येतो आणि ती हसते. संपलं.

________

देवगडचो_झिलो

माका तर पिक्चर आवडलो बाबा 😄 मी गेम खेळूक नाय, माका तां काय म्हायत नाय, बर्फ पडता, काळो कोट घालून माणूस फिरता, शेवटाक थंडगार पाण्यात उडी मारता, बाहेर येवन तांच औषध पिता आणि सगळ्यांका उडवता. इतक्या पुरे झाला. तुमी गेमवाले प्रत्येक पिक्चराक परीक्षेक बसवतास. रातचो जेवन झाल्यावर बघूचो पिक्चर तो, तेका काय पेपर तपासूचो आसा?

________

खाडीकाठचा_नेमबाज (मालवण)

झिल्या तुझं पण खरं आहे रे, न खेळलेल्याला चालून जात असेल. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत एक नंबरवर पण होता म्हणे आणि ३५ मिलियन डॉलरचा पिक्चर, पैसे बऱ्यापैकी काढले त्याने. वॉलबर्गला मात्र त्या वर्षी सगळ्यात वाईट नटाच्या रॅझीचं नॉमिनेशन मिळालं, हा आणि दुसरा एक पिक्चर मिळून.

काका तुम्ही आवाजाचं बोललात ते एकदम पटलं, मला काहीतरी खटकत होतं पण सापडत नव्हतं. पण मला अजून एक वाटतं, बुलेट टाइमचं. गेममध्ये उजवं बटण दाबलं की वेळ मंद होते, बाजूला झेप घ्यायची, हवेत असतानाच दोघातिघांना टिपायचं, आणि खाली पडल्यावर उठेपर्यंत जीव मुठीत. घड्याळातली वाळू संपत असते म्हणून ती कुठे खर्च करायची हे आपण ठरवायचं. जीव कमी झाला तर पेनकिलरच्या गोळ्या. म्हणजे स्लो मोशन ही माझी शिल्लक होती, मी जपून वापरायचो. पिक्चरात एवढं मोठं वाट बघून एकदा येतं, तो मागे वाकून डोक्यावरून शॉटगन झाडतो, आणि ते इतकं सावकाश इतकं सावकाश की मला वाटलं माझं नेट गेलं. बघायला छान आहे, नाही असं नाही, पण मला त्यात काय? माझं काहीच पणाला लागलेलं नाही.

मग तुम्हीच सांगा, हे पिक्चरात कधी जमणारच नाही का? कारण बटण तर प्रेक्षकाच्या हातात देता येणार नाही.

________

कोकणकन्या_स्लीपर

साडेसाती सगळ्यांनाच आहे भावा. मी मुंबई सावंतवाडी जाता येता मोबाईलवर हेच पिक्चर उतरवून बघतो, बोगद्यात नेट नसलं तरी चालतात आणि झोप लागली तरी नुकसान नाही. डूम बघ २००५ चा, गेममध्ये नरकातले राक्षस, ह्यांनी नरकच काढून टाकला आणि गुणसूत्रांचं काहीतरी आणलं. त्यात शेवटी काही मिनिटं बंदुकीच्या मागून दिसणारा सीन आहे हुबेहूब गेमसारखा, तेवढाच काय तो. आणि १९९३ चा मारिओ तर बघूच नको, तो पिक्चर आणि मारिओ ह्यांचा संबंध फक्त टोपीपुरता.

आणि उवे बोल ह्या दिग्दर्शकाचं नाव ऐकलंय का? हाऊस ऑफ द डेड, अलोन इन द डार्क, ब्लडरेन, फार क्राय, एकामागून एक गेम घेतले आणि एकामागून एक मातीत घातले. लोक विचारायचे ह्याला पैसे देतं कोण, तर तेव्हा जर्मनीत पिक्चरात पैसे घातले की टॅक्समध्ये सूट मिळायची, पिक्चर पडला तरी गुंतवणूकवाल्याचं रडणं कमी. २००५ नंतर ती पळवाट बुजवली. त्याच्यासमोर मॅक्स पेन म्हणजे राजवाडा आहे, कॅमेरावाल्याने तरी काम केलंय.

________

देवगडचो_झिलो

नेमबाजा, बटण हातात नाय म्हणान जमणार नाय असा नाय हां. आमच्या जत्रेतलो दशावतार बघ. गोष्ट सगळ्यांका पाठ, कोण मरतलो, कोण जिंकतलो, देव कधी येतलो, म्हाताऱ्याक पण म्हायत आणि बारक्याक पण. संवाद लिवलेले नायत, राजा बाकड्यार बसता आणि मनान बोलता, समोरचो तेका काय उत्तर देतलो तां तेका पण म्हायत नसता. दोघा जोरात इले काय मगे पहाट झाली तरी माणसा उठनत नाय, पेटीवालो आणि पखवाजवालो पण रंगात येतत. म्हणजे आमच्या हातात पण काय नाय, तरी जीव अडाकता, कारण समोर आता काय होतला तां खरा खरा घडता आसा असा वाटता. तुझ्या त्या वॉलबर्गाक बघून वाटता तेका शेवट आधीच सांगून ठेवल्यानी. माका पिक्चर आवडलो तरी ह्या कबूल करतंय.

(आणि काकांनू, तुमच्या कॅफेत माझो मोठो भाव येय होतो बहुतेक, लाल सायकल, उधारी ठेवन गेलो असतलो.)

________

रत्नांग्रीची_पोर

झिल्या, तू गेम न खेळता सगळ्यात कामाचं बोललास, वर उधारी पण कबूल केलीस 😂

मी थोडं वेगळं बोलते, काकांना नाही पटणार. फक्त आवाज घातला असता म्हणून पिक्चर सुधारला नसता. गेममध्ये तो आवाज चालतो कारण मधल्या वेळात आपण धावतोय, गोळ्या मोजतोय, दार उघडायला घाबरतोय, आणि मध्येच तो एखादं वाक्य टाकतो. तीच वाक्यं दीड तास सलग थेटरात ऐकवली असती तर लोकांनी त्यालाच गोळ्या घातल्या असत्या, इतकी ती जड आहेत, प्रत्येक गोष्टीला उपमा. माझ्या मते त्यांनी कायम घाईत असलेला माणूस दाखवायला हवा होता. गेममधला मॅक्स कुठेच थांबून चौकशी करत नाही, एकामागून एक सगळं पेटत जातं. त्याच्या मागे सगळं शहर आहे आणि वादळ सरायच्या आत त्याला पोचायचंय. पिक्चरमधल्या मॅक्सला कसलीच घाई नाही, तो ऑफिसात जातो, घरी येतो, झोपतो, परत जातो. एक रात्र ठेवली असती तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटल्या असत्या, भुतं असती तरी.

आणि चांगलं काय होऊ शकतं ह्याचं उत्तर आता आहे ना आपल्याकडे. द लास्ट ऑफ अस, २०२३ ची सिरीज. गेम बनवणारा नील ड्रकमन स्वतः लिहायला बसलेला आणि सोबत चेर्नोबिलवाला क्रेग मेझिन. त्यातला तिसरा भाग बघ, बिल आणि फ्रँकचा. गेममध्ये बिल जिवंत भेटतो आणि फ्रँक एका चिठ्ठीपुरता आहे. सिरीजवाल्यांनी गेममधल्या मारामाऱ्या परत काढण्यापेक्षा गेमने जिथे नुसतं बोट दाखवलं होतं तिथे जाऊन एक अख्खा संसार उभा केला. मॅक्सच्या पिक्चरवाल्यांना असं करायला मोना सॅक्स होती की, ती सुपारी घेऊन मारणारी बाई, गेममध्ये कमी वेळ येते आणि मनात राहते. तिच्यासाठी मिला कुनिसला घेतलं आणि तिला काय काम दिलं, बंदूक धरून उभी राहा.

चुलतभावासाठी सांगायचं तर रात्री जागायची तयारी असेल तर लास्ट ऑफ अस, आणि ॲनिमेशन चालत असेल तर २०२१ ची आर्केन, तिच्यासाठी मूळ गेम माहिती असायची पण गरज नाही. घरातली बारकी पोरं मध्ये घुसणार असतील, आणि गणपतीत घुसणारच, तर २०२३ चा ॲनिमेशनवाला मारिओ लाव, जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर गेलेला आहे, पोरं मोदक खात गप्प बसतात. १९९३ चा चुकून लावू नकोस, नाव सारखंच आहे.

________

सायबरवाले_काका (कणकवली)

पोरी तू म्हणतेस त्यात तथ्य आहे, एका रात्रीचं तर शंभर टक्के. पण आवाजावर मी माझं मत सोडणार नाही. थोडा तरी असता.

झिल्या लाल सायकलवाला आठवतो मला. उधारी राहू दे, त्याला सांग तो दुसरा भाग पूर्ण न करताच बारावीला गेला, तो तरी पूर्ण कर म्हणावं. २००३ चा दुसरा भाग पहिल्यापेक्षा पण चांगला आहे, त्यात मोना भरपूर आहे.

आणि नेमबाजा, माझं ऐकशील तर चुलतभाऊ आला की पिक्चर बिक्चर काही नको, दोघं मिळून गेमच लावा. आळीपाळीने, एक मेला की दुसरा. रेमेडी पहिले दोन भाग नव्याने करतेय, २०२२ लाच सांगितलंय त्यांनी, पण तोवर जुनाच बरा.

________

खाडीकाठचा_नेमबाज (मालवण)

काका आयडिया भारी आहे. सीडी अजून आहे माझ्याकडे, कपाटात आजोबांच्या पंचांगांच्या खाली, बुरशी पुसली की चकाचक. पण लॅपटॉपला सीडी घालायला फटच नाही आता, आणि विकत घेऊन टाकला तर नवीन विंडोजवर आवाज येत नाही असं कुठेतरी वाचलं. आवाजच नसेल तर तुमच्या हिशोबाने खेळून काय उपयोग?

________

सायबरवाले_काका (कणकवली)

येतो आवाज. खेळणाऱ्या लोकांनीच एक पॅच बनवून ठेवलाय, गेमच्या फोल्डरमध्ये फायली टाकायच्या, बस. मोबाईलवर पण २०१२ पासून मिळतो पण तिकडे जाऊ नका, काचेवर अंगठा घासून झेप घ्यायची म्हणजे मॅक्सपेक्षा आपल्यालाच पेनकिलर लागते. आणि इन्व्हर्टरची बॅटरी बघून ठेव. दर खोलीनंतर सेव्ह करायचं, नाहीतर लाईट गेले की मला फोन करू नका.

________

कोकणकन्या_स्लीपर

चुलतभाऊ कुठल्या गाडीने येतोय? तिकीट मिळालं का त्याला? आम्ही अजून वेटिंगवरच आहोत.